शंकू नसलेला ज्वालामुखी

रत्नागिरीतल्या एखाद्या घरी विज्ञान प्रदर्शनाची तयारी चाललेली असते. अंगणात रद्दी पसरलेली, वाडग्यात मैद्याची खळ, आणि मधोमध ठेवलेल्या बाटलीभोवती कागदाच्या पट्ट्या चढत असतात. संध्याकाळपर्यंत डोंगर उभा राहतो. मग बाटलीत खाण्याचा सोडा, त्यावर लाल रंग घातलेलं व्हिनेगर, आणि तोंडातून फेस उसळतो. घरातली सगळी माणसं कौतुकानं बघतात.

मूल ज्या पायरीवर बसून हे करतं, ती पायरी जांभ्याच्या चिऱ्याची असते. आवाराचा गडगा जांभ्याचा असतो. खोल विहिरीत डोकावलं तर जांभ्याखाली काळा कातळ दिसतो. हे सगळं ज्वालामुखीच्याच लाव्हारसातून आलेलं आहे, आणि ज्या ज्वालामुखीनं ते दिलं त्याला डोंगर नव्हता, शंकू नव्हता, टोकावरचं गोल तोंडही नव्हतं.

म्हणून माझं सांगणं असं, की कागदाचा ज्वालामुखी जरूर करावा, पण रत्नागिरीच्या मुलांनी दोन करावेत. पहिला शंकूचा, कारण ज्वालामुखीच्या पोटात काय चालतं ते त्यावर नीट समजतं. दुसरा आपल्या पायाखालचा. तो केला की घाट चढताना बाहेर बघायची नजरच बदलते.

शंकू उघडून पाहताना

अर्धवर्तुळ कापून गुंडाळलं की शंकू होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याचा उतार ६० अंशांचा होतो. एवढा उभा ज्वालामुखी जगात सहसा आढळत नाही. राख आणि दगडांचे तुकडे वरून पडत राहिले की त्यांचा ढीग साधारण ३० ते ३५ अंशांवर स्थिरावतो. खळ्यातली भाताची रास किंवा बांधकामावरची वाळू पाहा, ती याच उतारावर टिकते. कागदातून हा उतार मिळवायचा असेल तर पूर्ण वर्तुळ घ्यायचं, कलिंगडाची कापावी तशी सुमारे ५० अंशांची फोड त्यातून काढायची आणि उरलेल्या कडा जुळवायच्या. बसका, रुंद, खराखुरा वाटणारा शंकू तयार होतो.

आता तो टोकापासून तळापर्यंत उभा कापून त्याचा अर्धा भाग पाठीमागच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा. कापलेली बाजू समोर ठेवायची, म्हणजे पोट दिसतं. त्या पोटात काळ्या कार्डशीटचे आणि चुरगळलेल्या करड्या कागदाचे थर आलटून पालटून लावायचे. काळा थर लाव्हाचा, करडा राखेचा. मधून मुखापर्यंत जाणारी नळी आणि तळाशी शिलारसाची कोठी.

या कोठीबाबत बहुतेक चित्रं आपली फसवणूक करतात. लाल रसानं काठोकाठ भरलेली टाकी त्यांत दाखवलेली असते. प्रत्यक्षात शिलारसाच्या कोठीत बराचसा भाग स्फटिकांचा असतो आणि वितळलेला रस त्यांच्या फटींत असतो. म्हणून तिथे लाल रंग फासू नये. कागदाचे लहान लहान बोळे दाटीनं चिकटवावेत आणि त्यांच्या मधल्या फटींत आकाशकंदिलाला लावतो तो लाल जिलेटिन कागद भरावा. मागे छोटा दिवा लावला की फटी उजळतात. कोठी अशी दिसली म्हणजे खरी.

रस वर का येतो, याचं एक उत्तर असं की तो भोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो. दुसरं उत्तर वायूंचं आहे. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी जागेवर असते तोवर पाणी शांत दिसतं, वायू त्यात दाबाखाली विरघळलेला असतो. गोटी आत ढकलली की दाब उतरतो, बुडबुडे फुटतात आणि सोडा तोंडाशी धावतो. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड असेच विरघळलेले असतात. रस वर चढतो, दाब कमी होतो, बुडबुडे तयार होतात आणि रसाला पुढे रेटतात. प्रदर्शनातला सोडा-व्हिनेगरचा फेस रासायनिक क्रियेतून येतो, तिथे दाबाचा संबंध नसतो. तरीही वायू द्रवाला बाहेर ढकलतो एवढी गोष्ट तो खरी दाखवतो.

असा शंकू आपल्या देशात पाहायचा तर अंदमानातलं बॅरन बेट आहे. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची नोंद झाली, पुढे दीर्घकाळ तो शांत राहिला आणि १९९१ पासून पुन्हा अधूनमधून जागा होतो.

आपल्या लाव्हानं डोंगर का रचला नाही

शालेय भूगोलात ज्वालामुखीचे दोन प्रकार असतात, केंद्रीय आणि भेगीय. पहिल्याचं चित्र लक्षात राहतं, दुसऱ्याचं एक वाक्य पाठ केलं जातं. पण महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्या एका वाक्यातून तयार झाला आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. तो ज्या तप्त ठिकाणावरून गेला ते आज रियुनियन बेटाखाली आहे, रत्नागिरीपासून चार हजार किलोमीटरहून दूर. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून धगधगतो. त्या काळी खालून चढलेल्या उष्ण प्रावरणाचा, म्हणजे भूकवचाखालच्या खडकाचा, काही अंश वितळला, भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून बसाल्टचा रस बाहेर आला. एकदा नव्हे, शेकडो वेळा. त्यातला बहुतांश रस दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात बाहेर पडून गेला. झिजून झिजून आज उरलेला भागही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे.

बसाल्टच्या रसात सिलिका सुमारे ५० टक्के, म्हणजे तुलनेनं कमी असते. सिलिका जितकी जास्त तितका रस चिकट. त्यामुळे १,१०० ते १,२०० अंश सेल्सियसचा हा रस घट्ट पाकासारखा जागीच गोळा होत नाही, काकवीसारखा पसरतो. वरचा पापुद्रा लवकर थिजतो आणि दुधावर साय धरावी तसा खालच्या रसावर झाकण होऊन बसतो. झाकणाखाली उष्णता टिकते, रस पुढे सरकत राहतो, साय फुगते, फाटते, पुन्हा नवा पापुद्रा धरतो. अशाच प्रवाहांचे थर पार आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ सापडतात. एवढा लांब पळणारा रस डोंगर कुठून रचणार?

आणखी एक खूण स्वयंपाकघरातली. तव्यावर आंबोळी घातली की तिच्यावर जाळी पडते, कारण पिठातले बुडबुडे वर येऊन फुटतात. लाव्हाच्या प्रवाहातही बुडबुडे वर चढतात आणि वरचा भाग थिजताना त्यात अडकतात. म्हणून प्रत्येक प्रवाहाचा माथा सच्छिद्र असतो आणि गाभा घट्ट, ज्याला आपण काळवत्री म्हणतो तो दगड. पुढे त्या छिद्रांतून पाणी झिरपलं, त्यात क्वार्ट्झ आणि झिओलाइटचे स्फटिक वाढले. घाटाच्या कातळात सापडणारी चकाकती गारगोटी त्याच बुडबुड्यात जन्मलेली असते.

आंब्याच्या खोक्यातून सह्याद्री

आता दुसरी प्रतिकृती. यासाठी लागणारं मुख्य साहित्य रत्नागिरीत घरोघर पडलेलं असतं, हापूसची रिकामी खोकी. त्यांचा नालीदार पुठ्ठा या कामासाठीच केल्यासारखा आहे. त्याच्या कापलेल्या कडेला ओळीनं छिद्रं दिसतात. ती आपली जाळी. सोबत साधी जाड काळी कार्डशीट, तो प्रवाहाचा घट्ट गाभा. एक कार्डशीट आणि तिच्यावर एक नालीदार पुठ्ठा मिळून एक प्रवाह. पट्ट्या कापताना नाल्यांची भोकं समोरच्या लांब कडेला येतील असं पाहायचं.

आधी प्रमाण ठरवायचं. मांडवीच्या किनाऱ्यापासून पूर्वेला आंबा घाटापर्यंत सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर होतात. एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर धरलं तर ५० सेंटिमीटर, आणि घाटमाथ्याचे १० सेंटिमीटर वर. म्हणजे पट्टी ६० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद. उंचीला मात्र हेच प्रमाण लावलं तर हजार मीटरचा सह्याद्री एक सेंटिमीटरचा होईल आणि काहीच दिसणार नाही. म्हणून उंचीसाठी एक सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. उभं प्रमाण आडव्याच्या दहापट झालं, हे प्रतिकृतीवर ठळक लिहावं. प्रमाण न लिहिलेली प्रतिकृती पाहणाऱ्याला चुकीची गोष्ट शिकवते.

या मापानं ३ मिलिमीटरचा नालीदार पुठ्ठा ३० मीटर जाडीचा होतो आणि एक मिलिमीटरची कार्डशीट १० मीटरची. प्रत्यक्षात काही प्रवाह थोड्याच मीटरचे आहेत, काही कित्येक मीटरचे, त्यामुळे जाडी कमीजास्त झाली तरी चालेल. समुद्रसपाटीच्या वर १० सेंटिमीटर थर लागतील. खाली किती? इथे कोयना मदतीला येते. चिपळूणच्या मागे, सह्याद्रीपलीकडे कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी खोल विंधनं घेतली, तेव्हा सुमारे ९०० ते १,२५० मीटर बसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. त्यावरून समुद्रसपाटीच्या खाली ३ सेंटिमीटर लाव्हा आणि त्याखाली गुलाबी कागदाचा ग्रॅनाइट ठेवू या. दक्षिणेला सिंधुदुर्गात लाव्हाचं हे पांघरूण विरळ होत जातं आणि त्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे दिसतात.

ग्रॅनाइटच्या खाली प्रावरण दाखवायचं असेल तर मोठी अडचण येते. भूकवच इथे साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे. आपल्या उभ्या मापानं प्रावरण साडेतीन-चार मीटर खाली गेलं, म्हणजे टेबल ओलांडून जमिनीच्याही आत. तेव्हा ग्रॅनाइटच्या पट्टीखाली एक नागमोडी फाटकी कड ठेवायची, तिथे प्रमाण तुटलं असं लिहायचं, आणि त्याखाली खोक्याच्या तळात शंकूवाल्या प्रतिकृतीसारखीच बोळ्यांची आणि जिलेटिनची उजळ जागा करायची. प्रावरण घन खडकाचं असतं, त्याचा थोडासाच अंश वितळतो. त्यामुळे इथे बोळे जास्त आणि लाल फटी कमी.

आता ज्वालामुखीचं तोंड. ते म्हणजे भेग, आणि त्या भेगेत थिजून राहिलेला रस म्हणजे डाइक, खडकातली उभी भिंत. कोकणातल्या अशा कित्येक भिंती किनाऱ्याला साधारण समांतर धावतात. एखादी १० मीटर जाडीची धरा. आपल्या आडव्या मापानं ती किती होते? एक मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी! सगळे थर खालून वरपर्यंत एका सुरीनं चिरायचे आणि त्या चिरेत काळा कागद उभा सरकवायचा. समोरून पाहिलं तर एक बारीक रेघ दिसते. ही रेघ म्हणजेच ज्वालामुखीचं तोंड. बाजूनं मात्र ती प्रतिकृतीच्या सगळ्या रुंदीत पसरलेली असते, कारण भेग लांब असते. आइसलंडमध्ये १७८३ मध्ये लाकी इथे अशीच सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिन्यांत तिच्यातून १४ घन किलोमीटरच्या आसपास लाव्हा बाहेर पडला. माणसानं पाहिलेल्या भेगीय उद्रेकांत हा फार मोठा. आपल्याकडचे मोठे प्रवाह त्याच्या कित्येक पट होते.

थरांच्या मध्ये मधून मधून गेरूनं रंगवलेला पातळ कागद घालायला विसरू नये. दोन उद्रेकांत वेळ गेला, वरच्या कातळाची माती झाली, मग पुढच्या लाव्हानं ती भाजून झाकली. घाटात काळ्या थरांमध्ये दिसणाऱ्या तांबड्या पट्ट्या त्याच. अशा मधल्या थरांतल्या झिरकॉनच्या सूक्ष्म स्फटिकांनी शास्त्रज्ञांना उद्रेकांची वयं नेमकी करून दिली. मुंबईत वरळी आणि मलबार हिलच्या भागात लाव्हांच्या मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. तांबड्या कागदावर एक इवलासा बेडूक काढावा. उद्रेकांच्या मधे शांतता होती, तळी होती, जीव होते, हे तो सांगेल.

कापू नका, फाडा

सगळे थर आधी न चिकटवता पूर्ण लांबीचे रचून बघायचे. समोर एक सपाट, कंटाळवाणी लादी दिसते. सह्याद्री नाही, कोकण नाही, समुद्र नाही. तेव्हा तसंच होतं. लाव्हाचं पठार पश्चिमेला आज समुद्र आहे तिथेही पसरलेलं होतं. मुंबईच्या समुद्रात तेलासाठी खोल विहिरी घेतल्या तेव्हा खाली हाच बसाल्ट लागला. पुढे सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून गेला, पश्चिमेकडचा भाग खचला, आणि उरलेल्या पठाराची कड पावसानं आणि नद्यांनी कुरतडत पूर्वेला मागे मागे नेली.

तेच आता हातानं करायचं. वरून एकेक थर उचलायचा आणि पश्चिमेकडून फाडायचा. सगळ्यात वरचा थर पूर्वेच्या ११-१२ सेंटिमीटरपुरता ठेवायचा, त्याखालचा किंचित लांब, त्याखालचा आणखी थोडा. समुद्रसपाटीच्या वर एक सेंटिमीटर उरलं की फाडणं थांबवायचं, ते थर मांडवीपर्यंत जातात. मग सगळं चिकटवायचं. कात्री वापरू नये. फाटलेला पुठ्ठा खडबडीत दिसतो, कडेला छिद्रं उघडी पडतात, आणि घट्ट थर पुढे राहून सच्छिद्र थर मागे सरतो. घाटातही नेमकं हेच घडतं. घट्ट गाभ्याचा कडा होतो, मऊ माथ्याचा उतार होतो, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. या खडकांना मिळालेलं ट्रॅप हे नाव स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आलं, ते यामुळेच. सह्याद्री वर उचलून रचलेला डोंगर नाही, तो झिजलेल्या पठाराची उरलेली कड आहे, हे फाडणाऱ्या हाताला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

काजळी नदीसाठी घाटाच्या पायथ्यापासून भाट्याच्या खाडीपर्यंत एक चर फाडायचा. आणि खालच्या सपाटीवर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. तिथे दोन मिलिमीटरचा पुठ्ठा गेरूनं रंगवून, दाभणानं भोकं पाडून बसवायचा. हा जांभा. तो वेगळा लाव्हा नव्हे, त्याच काळ्या दगडाचं हे पुढचं रूप आहे. उष्ण हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस अशा ठिकाणी लाखो वर्षं बसाल्टमधली सिलिका, चुना, सोडा, मॅग्नेशिया धुऊन जातात आणि लोखंड व अॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. खाणीतून काढताना जांभा तुलनेनं मऊ असतो, चिरा पडतो. हवेत वाळला की कडक होतो. फ्रान्सिस बुकाननने केरळात हा दगड विटेसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं. पन्हाळा आणि महाबळेश्वरच्या माथ्यावरही जांभा आहे, म्हणून घाटमाथ्यावर एक तांबडा तुकडा हवाच.

जांभ्याखाली फिकट गुलाबी कागद म्हणजे त्याखालची मऊ माती. पाऊस जांभ्याच्या छिद्रांतून उतरतो आणि या मातीशी अडून कडेनं झऱ्यांत निघतो. म्हणून पावसाळ्यात चिंब असलेला सडा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो.

शेवटी दोन दोरे. निळा दोरा सड्यावरून भेगांवाटे खोल सोडायचा, खाली त्याला तांबडा जोडायचा आणि दुसऱ्या भेगेतून वर आणायचा. हे उन्हाळं, म्हणजे गरम पाण्याचा झरा. आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, या ठिकाणी गरम पाणी येतं तेव्हा खाली अजून ज्वालामुखी असेल अशी शंका घेतली जाते. तशी भीती नाही. जमिनीत खोल जावं तशी उष्णता वाढतेच. पावसाचं पाणी भेगांतून खूप खाली मुरतं, तापतं आणि वर येतं. लाव्हा देणारं ते तप्त ठिकाण आता रियुनियनखाली आहे.

प्रतिकृती पुरी झाली की अंगणात फाडलेल्या काळ्या पुठ्ठ्याचा ढीग उरतो. तो कचऱ्यात टाकू नका. बोटांनी चुरा करून पश्चिमेच्या टोकाला, समुद्राच्या कडेला पसरा. बसाल्ट झिजला तेव्हा त्यातल्या इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे जड काळे कण नद्यांनी असेच किनाऱ्यावर आणून टाकले. पुढच्या वेळी मांडवीला जाताना खिशात एक लोहचुंबक घ्या आणि काळ्या वाळूतून फिरवा. त्याला चिकटून वर येईल तो चुरा सह्याद्रीच्या फाटून गेलेल्या पानांचा असेल.